विद्यापीठात शिकताना ऑटिझमची तपासणी: कागद कशासाठी हवा, ते आधी ठरव

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारी २१ वर्षांची, नागपुरात होस्टेलला राहून एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला शिकणारी. घर भंडारा जिल्ह्यात. इंटरनेटवरच्या ५० प्रश्नांच्या चाचणीत तिला ३७ गुण आले. मार्क चांगले असतात. पण ग्रुप प्रोजेक्ट, व्हायवा, मेसमधला गोंगाट आणि ऐनवेळी बदललेलं टाइमटेबल यांनी ती दिवसअखेर पार गळून जाते. मैत्रीण म्हणते, आजकाल सगळ्यांनाच हे असतं. घरी अजून काहीच सांगितलेलं नाही. तपासणी करावी का, नागपुरात कुठे करावी, आणि नाव कायमचं कुठे नोंदलं जाऊन पुढे नोकरीला अडेल का?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण तुझं पाऊल तिथेच अडलेलं दिसतं. तू सज्ञान आहेस. तपासणीला एकटी येऊ शकतेस, आईवडिलांची सही लागत नाही. तू सांगितलेलं तुझ्या परवानगीशिवाय घरी किंवा कॉलेजला कळवता येत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या २३व्या कलमात हा गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे. त्याला अपवाद आहेत, पण ते जिवाला धोका, कोर्टाचा आदेश अशा प्रसंगांचे. खासगीत तपासणी केलीस तर अहवाल तुझ्या हातात येतो आणि तुझ्या कपाटात राहतो. पासपोर्टवर तो उमटत नाही, प्लेसमेंटला आलेल्या कंपनीला दिसत नाही. सरकारदरबारी दिव्यांग म्हणून नोंद होते ती तू स्वतः प्रमाणपत्रासाठी अर्ज केलास तरच. ज्या भरतीत वैद्यकीय तपासणी असते, पोलीस किंवा सैन्यदलासारखी, तिथले निकष मात्र त्या त्या जाहिरातीत आधी वाचावेत.

आता मुख्य गोष्ट. तपासणीसाठी माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच भेटीत विचारते: कागद हातात आल्यावर तू त्याचं काय करणार? बहुतेकांना हा प्रश्न आडवळणी वाटतो. पण 'ऑटिझमची तपासणी' या एका नावाखाली तीन वेगळी कामं येतात. स्वतःला समजून घेण्यासाठी निदान हवं असतं. कॉलेजकडून काही सोय हवी असेल तर पत्र लागतं. आणि आरक्षण किंवा सरकारी योजनांसाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. तिन्हींची दारं वेगळी, निकष वेगळे. एका दाराशी 'नाही' ऐकलं की मुलं समजतात सगळीकडेच नाही, आणि परत फिरतात. म्हणून हे आधी सुटं करून घेऊ.

प्रमाणपत्राचं प्रकरण सगळ्यात गुंतागुंतीचं आहे, त्यामुळे तेच आधी घेते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि ऑटिझम त्यांत आहे. कागदोपत्री 'स्वमग्नता' असं लिहिलेलं दिसेल. १९९५च्या जुन्या कायद्यातल्या सात प्रकारांत तो नव्हता. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व ठरलं तर सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागांचं आरक्षण लागू होतं. सरकारी नोकरीतल्या ४ टक्क्यांपैकी १ टक्का ज्या गटाला आहे, त्यातही ऑटिझम येतो. अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. नियमाप्रमाणे तो राहत्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय प्राधिकरणाकडे करता येतो, किंवा जिथे तुझे उपचार चालू आहेत अशा सरकारी रुग्णालयात. तुझं आधार कार्ड भंडाऱ्याचं असेल आणि उपचार नागपूरच्या सरकारी रुग्णालयात चालू असतील, तर ही दुसरी वाट लक्षात ठेव. नाहीतर दर तारखेला गावी पळावं लागेल.

टक्केवारी ठरते 'इसा' या ऑटिझम मोजण्याच्या भारतीय मापनपट्टीने. बौद्धिक दिव्यांगत्वावर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ती तयार केली. ४० बाबी आहेत, प्रत्येकीला १ ते ५ गुण, म्हणजे कमीत कमी बेरीज ४० आणि जास्तीत जास्त २००. ७०च्या खाली गुण आले तर या मापनात ऑटिझम नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. ७० गुणांना ४० टक्के धरतात. म्हणजे पट्टीवर जो बसला तो थेट ४०च्या रेषेवर पोचतो, आणि जो ६८वर राहिला त्याच्या हाती काहीच लागत नाही. बाबी वाचल्यास तर कळेल की त्या लिहिताना डोळ्यांसमोर लहान मूल होतं: नजर देत नाही, एकटं राहतं, ऐकलेले शब्द परत परत म्हणतं, वस्तू एका ओळीत लावतं. एमएस्सीला आलेली, वीस वर्षांत लोकांमध्ये वावरण्याची रीत घोटून पाठ केलेली मुलगी या पट्टीवर बरेचदा ७०च्या खाली राहते. तिचं वैद्यकीय निदान ऑटिझमचं असू शकतं आणि तरी प्रमाणपत्र मिळत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. वैद्यकीय मंडळाने प्रमाणपत्र नाकारलं म्हणून आपण नाटक करत होतो, असा अर्थ काढून रडत आलेली मुलं मी पाहिली आहेत. तो अर्थ चुकीचा आहे.

माझं स्पष्ट मत सांगते. आरक्षणाची किंवा योजनेची प्रत्यक्ष गरज नसेल तर प्रमाणपत्रापासून सुरुवात करू नकोस. आधी नीट निदान होऊ दे. ते हातात असलं की प्रमाणपत्राचा अर्ज पुढे केव्हाही करता येतो.

कॉलेजच्या पत्राबद्दल. दिव्यांग हक्कांच्या याच कायद्याच्या १६व्या कलमाप्रमाणे सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची आहे. ही सोय फक्त ४० टक्केवाल्यांची मक्तेदारी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या फेब्रुवारी २०२१च्या निकालात सांगितलं. हात लिहिताना आखडणाऱ्या एका परीक्षार्थीला लेखनिक नाकारला गेला होता, त्यावरचा तो खटला. मुलं बहुधा येऊन म्हणतात, 'मॅडम, जादा वेळ मिळेल ना?' केंद्राच्या २०१८च्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटं वाढीव वेळ होता खरा, पण त्या लेखनात अडचण असणाऱ्यांना समोर ठेवून बेतलेल्या होत्या. ऑटिझमच्या विद्यार्थ्याला तो आपोआप मिळत नव्हता, हाताने लिहिण्याच्या अडचणीचा वेगळा दाखला लागायचा. आणि खरं सांगायचं तर तुझ्या वर्णनात वेळ कमी पडल्याचं कुठे दिसतच नाही. तुला लागतील त्या गोष्टी साध्या आहेत आणि बिनखर्चाच्या आहेत: व्हायवाचा क्रम आदल्या दिवशी कळणं, प्रयोगाच्या सूचना तोंडी न देता लिहून मिळणं, परीक्षेत पंख्याखालची किंवा दाराजवळची जागा टळणं, ग्रुप प्रोजेक्टमध्ये कुणी काय करायचं ते पहिल्याच बैठकीत कागदावर येणं. यातलं निम्मं विभागप्रमुखांनी मनात आणलं तर कुठल्याही पत्राशिवाय होतं. तेव्हा आधी समंजस वाटणाऱ्या एका प्राध्यापकांशी बोल. त्यानेही होत नसेल तर निदानाचं पत्र घेऊन समान संधी कक्षाकडे लेखी अर्ज दे आणि पोच घे. अगदीच अडलं तर पुण्याला राज्याचं दिव्यांग आयुक्तालय आहे, तिथे तक्रार करता येते. पत्रात काय लिहून घ्यायचं याचा एक बारकावा आहे. निदानाचं नाव लिहून खाली 'सहकार्य करावे' असं मोघम पत्र कॉलेजात फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. सोयी एक-दोन-तीन करून नावानिशी लिहिलेलं पत्र असेल तर कारकुनालाही काय करायचं ते कळतं.

आता तुझे ३७ गुण. तू दिलेली चाचणी बहुधा केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेली प्रश्नावली आहे. ५० गुण, आणि ३२ ही रेषा. पहिल्या अभ्यासात ऑटिझम असलेल्या प्रौढांपैकी ८० टक्के लोक या रेषेवर किंवा तिच्या वर होते आणि इतरांपैकी जेमतेम २ टक्के. हे वाचून ३७ म्हणजे जवळजवळ नक्कीच, असं वाटणं साहजिक आहे. पण तुलना होती ती सर्वसाधारण लोकांशी. आधीच चिंतेने, नैराश्याने किंवा एडीएचडीने (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) त्रासलेले लोक घेतले की त्यांचेही गुण चढतात, आणि दवाखान्यात येतात ते नेमके हेच लोक. शिवाय प्रश्न इंग्लंडमधल्या राहणीचे. पार्टीला जाशील की वाचनालयात, असं विचारल्यावर साकोलीच्या किंवा तुमसरच्या मुलीने काय उत्तर द्यायचं? तिला पार्टी हा पर्यायच कधी नव्हता. म्हणून ३७चा अर्थ एवढाच घे की पुढे जाऊन नीट विचारायला हरकत नाही. २० आले असते आणि रोजचं जगणं असंच अवघड असतं, तरीही मी हेच म्हटलं असतं. निदानाच्या अहवालात 'ऑनलाइन चाचणीत अमुक गुण' एवढाच आधार असेल तर तो अहवाल कच्चा समजावा.

मग आम्ही पाहतो काय? अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३च्या निदानपुस्तिकेत दोन भाग आहेत. पहिला लोकांशी देवाणघेवाणीचा: गप्पांची ये-जा, न बोलता होणारे इशारे, नाती जोडणं आणि टिकवणं. या तिन्हींत अडचण असावी लागते. दुसरा भाग पुनरावृत्तीचा: त्याच त्या हालचाली किंवा शब्द, बदल सहन न होणं, एखाद्या विषयात बुडून जाणं, आणि आवाज-स्पर्श-वास-उजेड यांचा अति किंवा अगदीच कमी त्रास. या चारांतल्या दोन. जुना 'ॲस्पर्गर' याच पुस्तिकेत ऑटिझममध्ये मिसळला, त्यामुळे ते नाव वापरणारे अहवाल आता जुने झाले. सगळ्यात महत्त्वाची अट पुढची आहे. हे सगळं अगदी लहानपणापासून असलं पाहिजे. त्या काळी ते ठळक दिसलंच पाहिजे असं नाही. वाढत्या वयातल्या मागण्या कुवतीबाहेर गेल्यावरच ते उघड होऊ शकतं, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकलेलं असू शकतं, हेही पुस्तिका मान्य करते. घरच्या चौकटीत दिवस आखलेला होता, आई डबा भरून द्यायची, एकच जिवाची मैत्रीण होती, तोवर निभलं. होस्टेलला आल्यावर ती सगळी चौकट एकदम निघाली. पहिल्याच वर्षी विद्यार्थी कोसळलेले दिसतात ते बरेचदा याचमुळे.

मुलींचं झाकणं जास्त असतं. मुलगे आणि मुली यांचं प्रमाण चारास एक, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. पुढे नीट शोधून केलेल्या अभ्यासांत ते तिनास एकच्या आसपास आलं. आपल्याकडे तर शांत, मान खाली घालून बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी म्हणजे गुणी मुलगी. तिच्याकडे कुणी शंकेने पाहतच नाही. नजरेला नजर देते की नाही यावरून इथे काही ठरवणंही अवघड, कारण मोठ्यांच्या डोळ्यांत पाहू नकोस हेच तिला शिकवलेलं असतं.

त्यामुळे तुझं बालपण हा तपासणीचा कणा आहे, आणि घरी न सांगता हे करायचं ठरवलंस तर खरी अडचण इथे येते. ती सुटते, पण तयारी लागते. शाळेची प्रगतिपुस्तकं मिळव. मार्कांपेक्षा शेऱ्यांच्या ओळी मोलाच्या. 'अभ्यासात उत्तम, वर्गात मिसळत नाही' असा दुसरीतल्या बाईंचा एक शेरा माझ्या तासाभराच्या मुलाखतीएवढा उपयोगी पडतो. मोठा भाऊ, मावशी, आत्या यांपैकी ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना विचार. लग्नांच्या जुन्या सीडी असतील तर पाहा. बाकीची मुलं मांडवात धावत असताना तू कुठे आहेस? तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत घरोघरी फिरलीस की नंदीची चाकं फिरवत ओट्यावर बसून राहिलीस? मारबतीच्या मिरवणुकीत, फटाक्यांत, बॅन्डपुढे काय व्हायचं? केस विंचरताना, नव्या फ्रॉकची शिवण टोचताना, ताटात भाजी वरणाला लागली तेव्हा? भातुकलीत तू काय व्हायचीस, की फक्त भांडी रचायचीस? आईला विचारायचं झालं तर 'मी वेगळी होते का' असं विचारू नकोस. त्याला 'छे, एकदम हुशार होतीस' हेच उत्तर येतं. 'मी लहानपणी कशाकशाला घाबरायचे गं?' असं विचार आणि तिला बोलू दे. भंडाऱ्याला गेल्यावर भाजी निवडता निवडता हे सहज होतं, त्यात खोटं बोलणंही नाही.

स्वतःबद्दल सांगतानाही असंच. 'मला सेन्सरी ओव्हरलोड होतो, मी मास्किंग करते' असं तयार शब्दांत बोललीस तर समोरच्याला वाटतं, रील्स पाहून आली. त्याऐवजी प्रसंग सांग. मेसमध्ये स्टीलची ताटं एकावर एक आदळतात तेव्हा ताट तसंच ठेवून खोलीत येते आणि रात्री बिस्किटांवर भागवते. वर्गाचं व्हॉट्सॲप उघडण्याआधी उत्तर वहीत लिहून पाहते. बर्डीच्या बाजारात खरेदीला गेले की परत येऊन तीन तास अंधारात पडून राहते. सर 'बघू नंतर' म्हणाले ते खरंच नंतर की नाही म्हणाले, हे मला रात्री मैत्रिणीला विचारावं लागतं. हे लिहूनच आण आणि वाचून दाखव. समोरासमोर बोलताना नेमकं सुचत नाही हा तर तुझ्या अडचणीचाच भाग, त्याचा संकोच कशाला? आणखी एक: तपासणीच्या दिवशी नेहमीसारखी हसत, माना डोलावत बसू नकोस. हातात काही चाळा लागत असेल तर असू दे. नजर भिंतीवर जात असेल तर जाऊ दे. आम्हाला तेच पाहायचं असतं.

सारख्या दिसणाऱ्या बाकीच्या गोष्टी वगळणं हे आमच्या कामातलं सगळ्यात किचकट काम. लोकांची भीती असते तेव्हा माणसाला नियम कळत असतात, पण आपलं हसं होईल म्हणून तो गप्प राहतो आणि विश्वासाच्या माणसांत मोकळा होतो. ऑटिझममध्ये भीती नसतानाही न बोललेले नियम निसटतात. अर्थात वर्षानुवर्षं असं निसटल्यावर भीतीही येऊन बसते, म्हणून दोन्ही एकत्र असणं फार आढळतं. एडीएचडीचंही तसंच, २०१३ आधीच्या नियमांत दोन्ही निदानं एका माणसाला देता येत नव्हती, आता देता येतात. मंत्रचळ (ओसीडी), लहानपणीचा छळ किंवा धक्का, नैराश्य, कमी ऐकू येणं हे सगळं तपासावं लागतं. आणि हे अलीकडेच, सतराव्या-अठराव्या वर्षानंतर सुरू झालं असेल, आधी तू खरोखर माणसांत रमणारी असशील आणि आता संशय येणं, आवाज ऐकू येणं असं काही होत असेल, तर तो वेगळा आजार असतो. त्याला लगेच मनोविकारतज्ज्ञाकडे जायला हवं.

बुद्धिमापनाची चाचणी प्रत्येकाला लागते असं नाही. पदव्युत्तरला आलेल्या विद्यार्थ्याची ती कधी कधी करतो, कारण शब्दांचं सामर्थ्य आणि कामाचा वेग यांतली दरी त्यात दिसते.

कुठे जायचं? सरकारी वाट म्हणजे मेडिकल आणि मेयो ही नागपूरची दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, किंवा मिहान भागातलं एम्स. तिथल्या मनोविकृतीशास्त्र विभागाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढायचा आणि 'प्रौढ वयात ऑटिझमची तपासणी हवी आहे' असं स्पष्ट म्हणायचं. मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे, पण पागलखाना चौकाचं नाव ऐकूनच मुलं बिचकतात, म्हणून आग्रह धरत नाही. लहान मुलांच्या विकास केंद्रांत जाऊ नकोस. जिल्हा पातळीवरची सरकारी केंद्रं १८ वर्षांपर्यंतच्यांसाठी आहेत, तिथून परत पाठवतील. सरकारी रुग्णालयात खर्च नाममात्र, पण गर्दी असते, आणि निवासी डॉक्टर बदलले की कहाणी परत सांगावी लागते. लिहिलेल्या कागदाच्या दोन-तीन झेरॉक्स जवळ ठेव. खासगीत धंतोली-रामदासपेठेकडे मनोविकारतज्ज्ञ भरपूर आहेत, पण प्रौढांचा ऑटिझम पाहणारे त्यांतले मोजके. म्हणून भेट ठरवण्याआधी फोनवर विचारून घे: अठरा वर्षांवरच्या किती जणांची तपासणी केली आहे, किती बैठका लागतील, एकूण खर्च किती, लेखी अहवाल मिळेल का. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागायला लाजू नकोस. ज्यांच्याकडे तो असतो ते राग मानत नाहीत. 'समुपदेशक' अशी पाटी कुणालाही लावता येते.

वीस मिनिटांत 'आहे' म्हणणारे आणि दोन मिनिटांत 'नाही' म्हणणारे, दोघांपासून सावध. 'डोळ्यांत बघून बोलतेस, मार्क चांगले आहेत, मग कसला ऑटिझम' हे ऐकायची तयारी ठेव. 'लग्न झालं की सगळं ठीक होतं' हेही ऐकशील. वाद घालू नकोस. कोणत्या निकषावर नाही, ते कागदावर लिहून माग आणि दुसरं मत घे. पण दोन अनुभवी लोकांनी नीट वेळ देऊन, कारणं देऊन 'नाही' म्हटलं, तर तिसऱ्याकडे 'हो' ऐकायला जाऊ नकोस. त्यांनी जे सुचवलं असेल, चिंता असो की एडीएचडी, त्यावर चांगले उपचार आहेत. ऑटिझम बरा करण्याचं औषध नाही. गोळ्या दिल्या जातात त्या सोबतच्या चिंतेसाठी, झोपेसाठी, नैराश्यासाठी किंवा एडीएचडीसाठी. स्टेम सेल उपचारांची जाहिरात दिसली तर पुढे सरक. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली ऑटिझमसाठी ते करू नयेत असं म्हटलं आहे.

घरी सांगायचं की नाही, हे तुझ्या घरावर आहे. मी साधारण असं सुचवते की निदान होण्याआधी, शंकेच्या काळात सांगू नये. शंकेवर घरचे वाद घालतात, नातेवाइकांना विचारतात आणि प्रकरण भलतीकडे जातं. हातात अहवाल असला की बोलणं सोपं होतं, आणि हवं तर आम्ही समोर बसवून समजावतो. मात्र वडिलांच्या पैशांतून फी भरायची असेल तर निदान 'ताण येतो म्हणून सायकॉलॉजिस्टकडे जातेय' एवढं तरी खरं सांग. लपवलेली पावती सापडली की मूळ विषय बाजूलाच राहतो.

तारीख मिळेपर्यंत थांबून राहण्याची गरज नाही. कानात घालायचे फोमचे बोळे मेडिकल स्टोअरला मिळतात. मेसमध्ये गर्दीच्या वीस मिनिटं आधी जेवायला मिळेल का, हे वॉर्डनला विचारायला कुठलंही निदान लागत नाही. आठवड्यात एक संध्याकाळ कुणालाही न भेटण्यासाठी राखून ठेव आणि त्याबद्दल माफी मागू नकोस. मरून जावंसं वाटणं, स्वतःला इजा करणं असं काही असेल तर मात्र ऑटिझमची तपासणी बाजूला ठेव आणि त्याच दिवशी मदत घे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

तारीख घेताना सेमिस्टरच्या परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस टाळ, त्या काळात कुणाचेही गुण फुगतात. बाह्यरुग्ण विभाग सकाळी असतो आणि सोमवारी गर्दी जास्त असते, तेव्हा मधल्या वारी जा. आधार कार्ड, शाळेचे शेरे, तुझी लिहिलेली पानं, चालू असलेल्या गोळ्या असतील तर त्यांची चिठ्ठी बरोबर ने. मैत्रिणीला सोबत न्यायचं तर तीच ने, जी 'सगळ्यांनाच असतं' म्हणते. तू वर्गात आणि मेसमध्ये कशी असतेस हे तिने रोज पाहिलेलं आहे, आणि आम्ही तिलाही दहा मिनिटं प्रश्न विचारतो.